विश्लेषण : गुडघे दुखतात म्हणून बैठका बंद करायच्या की बदलायच्या?

रथसप्तमी जवळ आली की व्हॉट्सॲपच्या गटांवर सूर्यनमस्कारांचे आकडे फिरू लागतात. कुणी ५१ घातले, कुणी १०८. नव्या वर्षाच्या संकल्पातून सुरू झालेली ‘तीस दिवस रोज शंभर बैठका’ छापाची आव्हानेही तोवर रंगात आलेली असतात. चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांचे गुडघे कुरकुरू लागतात तेही याच सुमारास. जिना उतरताना वाटीमागे कळ येते, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावले आखडलेली पडतात. घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो : ‘झेपत नाही तर कशाला करायचे? बंद कर.’ अनेकदा दवाखान्यातूनही ‘महिनाभर आराम करा, जिने टाळा’ एवढेच सांगून रुग्णाला वाटेला लावले जाते. त्या महिन्याचे वर्ष होते, वजन वाढते आणि गुडघा दुखायचा तो दुखतोच. कोणत्याही साधनाशिवाय, केवळ शरीराच्या वजनावर होणारा व्यायाम दुखऱ्या गुडघ्यांसह चालू ठेवता येतो का, ठेवायचा तर त्यात काय बदलायचे आणि थांबायचे कधी, याचा हा ऊहापोह.

बैठकांनी गुडघे खराब होतात, हे खरे का?

या समजाला शास्त्राचा आधार मिळाला तो १९६१ मध्ये. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाईन यांनी खोल बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असा निष्कर्ष मांडला आणि तो जगभरच्या व्यायामशाळांत पोहोचला. पुढे इतरांनी केलेल्या मोजमापांत तो टिकला नाही. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा निरोगी गुडघ्यांना खोल बैठकांनी इजा होते असा पुरावा त्यांना आढळला नाही. धावण्याबाबतही असेच घडले. २०१७ मधील एका आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आढळले. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र ते १३.३ टक्के होते. न वापरणे वाईट आणि अति वापरणेही वाईट, असा याचा साधा अर्थ लावता येतो. अर्थात आधीच गुडघे दुखणारी माणसे धावायला जात नाहीत, हेही या आकड्यांत मिसळलेले असणार.

उकिडवे बसण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. बीजिंगमधील वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत, तरुणपणी रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताची शक्यता, अर्धा तासही न बसणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट दिसली. पण दिवसाला तीन तास उकिडवे बसणे आणि वीस बैठका मारणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. भाजीच्या मळ्यात दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला गुडघ्यांची चिंता करण्याचे कारण आहे. ठाण्या-पुण्यातल्या कार्यालयात नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याला बैठकांची भीती घालणे हा उलटा प्रकार झाला.

मग व्यायाम सुरू केल्यावरच गुडघे का दुखतात?

कारण सुरुवात गुडघ्याला बाशिंग बांधून केली जाते. डिसेंबरपर्यंत शून्य आणि जानेवारीत रोज ५०, म्हणजे आठवड्याला ३५० बैठका. हृदय-फुप्फुसे दोन आठवड्यांत जुळवून घेतात, स्नायूही महिन्या-दीड महिन्यात साथ देऊ लागतात. वाटीखालचा स्नायुबंध आणि कूर्चा यांचा वेग मात्र फार संथ असतो. दम लागत नाही म्हणून आकडा वाढवला जातो आणि बिल येते ते गुडघ्याच्या नावावर.

त्यात तालमीतल्या बैठकीची नक्कल केली जाते. परंपरागत बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे पार पुढे जातात आणि झटक्यात वर यायचे असते. गामा पैलवानाच्या हजारो बैठकांच्या कथा सांगताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. कोल्हापूरच्या तालमीतला मुलगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून थोडे थोडे वाढवत तिथवर आलेला असतो. त्याचा खुराक, मालीश, दुपारची झोप हे सारे त्या मेहनतीचाच भाग असते. वीस वर्षांच्या खंडानंतर सोसायटीच्या गच्चीवर उभ्या राहिलेल्या ४८ वर्षांच्या माणसाने त्यातली फक्त संख्या उचलली, तर गुडघ्याने तक्रार करणे रास्तच म्हणावे लागेल.

‘झीज झाली आहे’ म्हणजे काय?

मराठीत हा शब्द फार घात करतो. झीज म्हटले की डोळ्यांपुढे टायर किंवा चपलेचा तळ येतो. ‘वंगण संपले’ हा त्याचा जोडशब्द. टायर जितका फिरेल तितका झिजणार, म्हणून गाडी उभी करून ठेवणे शहाणपणाचे, असा हिशेब माणूस आपोआप करतो. सांधा असा नसतो. प्रौढांच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव आत-बाहेर होण्यासाठी सांध्यावर भार येणे आणि सुटणे गरजेचे असते. गुडघा न हलवणे हा त्याला उपाशी ठेवण्याचा मार्ग आहे.

एक्स-रे किंवा एमआरआयचा अहवालही तारतम्याने वाचायला हवा. गुडघा कधीच न दुखलेल्या, इजा न झालेल्या माणसांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीपुढच्या १९ ते ४३ टक्के लोकांत झिजेची कोणती ना कोणती खूण आढळली. म्हणजे केसांसारखाच गुडघाही पिकतो, पण प्रत्येक पिकलेला गुडघा दुखत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वय ४५ च्या पुढे असेल, हालचालीने सांधा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर संधिवाताच्या निदानासाठी एरवी एक्स-रेची गरजच नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आधी फोटो, मग भीती आणि शेवटी वेळ उरला तर व्यायामाचे एक वाक्य.

गुडघा वाजतो त्याचे काय, असाही प्रश्न येतो. वेदना आणि सूज नसेल तर नुसत्या कटकट आवाजाकडे दुर्लक्ष करावे.

दुखत असताना व्यायाम केला तर इजा वाढणार नाही का?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच आहे. एक बाजू म्हणते, जरा दुखले की थांबा. दुसरी बाजू, विशेषतः मोबाइलवरचे काही प्रशिक्षक, म्हणतात की दुखणे हीच प्रगती. दोन्ही सल्ले टाकाऊ आहेत. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या आणि नंतर अनेक देशांनी उचललेल्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात गुडघ्याच्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करायला लावतात. तिथे रुग्णाला पहिल्यांदा वेदना मोजायला शिकवले जाते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. व्यायामात दोनपर्यंत दुखले तर निर्धास्त राहावे. तीन ते पाच चालेल, पण लक्ष ठेवावे. पाचच्या वर गेले तर तो व्यायाम सोपा करावा.

याला जोडून दुसरा नियम येतो, दुसऱ्या सकाळचा. व्यायामानंतर वाढलेले दुखणे २४ तासांत मूळ पातळीवर आले पाहिजे. मंगळवारी केलेल्या बैठकांनी बुधवारी दिवसभर लंगडायला लावले, तर मंगळवारचा डोस जास्त होता. गुरुवारी तो निम्मा करायचा. शून्य मात्र करायचा नाही. मांड्या भरून येणे आणि गुडघ्याच्या सांध्यात दुखणे यांतला फरकही ओळखावा लागतो. पहिले अपेक्षित आहे, दुसऱ्यावर नजर हवी. सूज दिसली तर ती आकड्यांपेक्षा मोठी खूण समजावी आणि ती उतरेपर्यंत खोल वाकणे बंद ठेवावे.

बैठक बदलायची म्हणजे नेमके काय करायचे?

गुडघा जितका दुमडतो तितका, साधारण काटकोनापर्यंत, वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातला दाब वाढत जातो. म्हणून पहिला बदल खोलीत करायचा. भिंतीला टेकवलेली एक साधी, न हलणारी खुर्ची घ्यावी. त्यावर एक घट्ट उशी ठेवावी, म्हणजे बैठकीची उंची वाढते. पावले खांद्यांइतकी फाकवून, टाचा जमिनीवर ठेवून, आधी ढुंगण मागे न्यावे आणि मग सावकाश बसावे. हात न टेकता उठावे. हीच दुखऱ्या गुडघ्याची बैठक. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ-दहा वेळा, आणि तेही एक दिवसाआड. ज्यांनी कॉलेजात शंभर मारल्या त्यांना ही थट्टा वाटते. तीन सेकंद मोजत खाली जायचे आणि खुर्चीवर आदळायचे नाही, ही अट घातली की दहाव्या वेळेला मांड्या थरथरतात आणि मत बदलते.

वेग हा दुसरा बदल. झटक्याने केलेल्या बैठकीत तळाशी दिशा बदलताना सांध्यावर भार एकदम येतो. सावकाश उतरताना तो स्नायू झेलतात. व्यायाम कमी केल्यासारखा वाटत नाही आणि गुडघाही कुरकुरत नाही, असा हा बहुधा एकमेव सौदा आहे.

‘गुडघे पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचे नाहीत’ हा नियम बहुतेक व्यायामशाळांत ऐकवला जातो. तो अर्धा खरा आहे. २००३ मधील एका अमेरिकी प्रयोगात गुडघ्यांपुढे फळी लावून त्यांना पुढे जाण्यापासून रोखले, तेव्हा गुडघ्यावरचा ताण सुमारे पाचव्या हिश्शाने घटला. पण खुब्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढला, कारण धड पुढे झुकवावे लागले. म्हणजे वाटीमागे दुखत असेल तोवर गुडघे मागे ठेवणे ही चांगली युक्ती आहे. पाठ दुखणाऱ्यासाठी ती तितकी चांगली नाही. आणि दुखणे गेल्यावरही आयुष्यभर पाळण्याचा तो नियम नव्हे. जिना उतरताना प्रत्येकाचा गुडघा बोटांपुढे जातोच.

समजा, ५० वर्षांच्या एका शिक्षिकेचे गुडघे जिना उतरताना दुखतात. तिने पहिले दोन आठवडे उशीसह खुर्चीवर उठबस करावी. सकाळचा नियम पाळला जात असेल तर तिसऱ्या आठवड्यात उशी काढावी. पाचव्या आठवड्यात खुर्चीला ढुंगण नुसते टेकवून, भार न टाकता उठावे. सातव्या आठवड्यात छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरावी, किंवा खुर्चीऐवजी थोडा बुटका चौरंग घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खोली, वेग, संख्या आणि वजन हे चारही एकाच सोमवारी वाढवले, तर बिघाड कशाने झाला हे कुणालाच सांगता येणार नाही.

खुर्चीवरची उठबसही पाचच्या वर दुखत असेल, तर त्याआधीची पायरी भिंतीला पाठ टेकवण्याची. पावले भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवून, पाठ टेकवूनच थोडे खाली घसरायचे आणि तिथेच २० ते ३० सेकंद थांबायचे. काटकोनापर्यंत जाण्याचा हट्ट नको, त्याच्या अर्ध्यापर्यंत पुरे. सांधा न हलवता स्नायू ताणून धरण्याचा हा प्रकार अनेक दुखऱ्या गुडघ्यांना मानवतो.

सूर्यनमस्कारांचे काय?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांपर्यंत नेले आणि तेव्हापासून मराठी घरांत ‘व्यायाम’ म्हटले की हाच पहिला आठवतो. गुडघ्यांच्या दृष्टीने त्यात दोन जागा अवघड आहेत. एक पाय मागे टाकून मागचा गुडघा टेकवतो ती, आणि साष्टांग नमस्कारात दोन्ही गुडघे टेकतात ती. मागचा गुडघा टेकवण्याच्या पद्धतीने १०८ नमस्कार घातले, तर प्रत्येक गुडघा दोनशेहून अधिक वेळा जमिनीला लागतो. तेही बहुतेक घरांत शहाबादी किंवा टाइलच्या फरशीवर, पातळ योगा मॅट अंथरून. वाटीवर थेट दाब येऊन दुखणाऱ्यांना त्यातली पहिली शंभर टेकणी पुरेशी होतात.

उपाय स्वस्त आहेत. मॅटखाली चौपदरी सतरंजी घालावी. मागचा गुडघा टेकवण्याऐवजी, ताकद असेल तर, हवेत ठेवावा. पाय उडी मारून मागे टाकण्याऐवजी एकेक करून न्यावा. पुढच्या पायाचा गुडघा आत न झुकता घोट्याच्या वर राहील याकडे लक्ष द्यावे. गुडघा टेकवणेच असह्य असेल तर हात जमिनीऐवजी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून सगळा क्रम करता येतो. पाय मागे जातो, पाठ वाकते, छाती उघडते, गुडघा कुठेही जमिनीला लागत नाही. कर्मठ मंडळींना तो नमस्कार वाटणार नाही. पण जो माणूस तीन वर्षे एकही नमस्कार घालत नव्हता, त्याने खुर्चीवर रोज सहा घातले, तर हिशेब त्याच्याच बाजूने झुकतो.

संख्येचा उत्सव हा खरा अडसर आहे. रथसप्तमीला एका दिवसात १०८ आणि उरलेले ३६४ दिवस काही नाही, ही पद्धत गुडघ्यांच्या दृष्टीने सर्वांत वाईट. शाळांनी आणि मंडळांनी सामूहिक सूर्यनमस्कार ठेवताना मुलांसोबत पालकांनाही तोच आकडा देणे थांबवले पाहिजे. वय ५० च्या पुढे असलेल्यांसाठी बाजूला खुर्च्यांची एक रांग मांडली, तर कार्यक्रमाची शोभा कमी होणार नाही.

दंड, लंज आणि उड्या?

दंडाचा गुडघ्याशी संबंध नाही असे वाटते. पण नवशिक्यांना ‘गुडघे टेकवून पुश-अप’ सांगितले जातात आणि दुखरी वाटी फरशीवर घासते. त्याऐवजी स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून, शरीर सरळ रेषेत तिरके ठेवून पुश-अप मारावेत. जसजसे जमेल तसतसे ओट्यावरून खुर्चीवर आणि तिथून जमिनीवर यावे. गुडघा यात कुठेच येत नाही.

लंजमध्ये पाऊल पुढे टाकण्याऐवजी मागे टाकावे. पुढे टाकताना शरीराचा सगळा वेग पुढच्या गुडघ्याला थांबवावा लागतो, मागे टाकताना तो तसा येत नाही. खिडकीच्या कठड्याला एक हात धरला तर तोल जाण्याची भीतीही राहत नाही. पायरी चढण्याचा सराव घरातल्या पाटापासून सुरू करावा. जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंचांची असते आणि दुखऱ्या गुडघ्याला ती पहिल्या आठवड्यात जड जाते. उतरणे चढण्यापेक्षा कठीण, म्हणून पाटावरून खाली येतानाच सावकाश यावे. मुंबईत रेल्वेचा पादचारी पूल रोज दोनदा उतरणाऱ्याला याच हालचालीचा सराव सर्वांत उपयोगी पडतो.

बर्पी, उड्या मारत केलेल्या बैठका, दोरीवरच्या उड्या हे सारे सहा-आठ आठवडे बाजूला ठेवावे. बर्पी हवीच असेल तर उडी काढून, एकेक पाय मागे-पुढे टाकत करावी. वज्रासन आणि पद्मासन हे व्यायाम नसून बैठकी आहेत, हे लक्षात घ्यावे. पद्मासनात मांडी खुब्यातून वळत नसेल तर तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. हाताने पाय ओढून मांडी घालणे टाळलेलेच बरे.

दुखतो गुडघा, मग खुब्याचे व्यायाम कशाला?

गुडघा हा मधला सांधा. वरून खुबा आणि खालून घोटा जसे वागतील तसे त्याला वागावे लागते. एका पायावर उभे राहून थोडे वाकल्यावर गुडघा आत कलंडत असेल, तर बहुधा खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत. वाटीमागच्या दुखण्यावर केवळ गुडघ्याचे व्यायाम देण्यापेक्षा गुडघा आणि खुबा दोन्हींचे एकत्र द्यावेत, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. यासाठी जिम लागत नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, म्हणजेच सेतुबंधासन. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे. ओट्याला धरून चवड्यांवर उभे राहणे. टीव्हीवरची एक मालिका संपेपर्यंत हे तीनही होतात. सेतुबंधासनात गुडघ्यावर फारसा दाब येत नाही आणि मांडीचा मागचा भाग राबतो, म्हणून ज्या दिवशी बैठक नको वाटते त्या दिवशी तेवढे तरी करावे.

व्यायामाने दुखणे खरेच जाते?

इथे अतिशयोक्ती टाळायला हवी. गुडघ्याच्या संधिवातावर व्यायामाचा परिणाम तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ आढाव्याची २०२४ ची आवृत्ती सांगते, की वेदना आणि हालचालीत सुधारणा होते, पण ती सरासरीने माफक असते आणि दीर्घकाळ टिकण्याबाबत खात्री देता येत नाही. ‘सात दिवसांत गुडघेदुखी गायब’ म्हणणारे व्हिडीओ म्हणूनच खोटे आहेत. सहा ते बारा आठवड्यांनी फरक जाणवतो आणि व्यायाम सोडला की तो ओसरतो.

पण व्यायामाच्या स्पर्धेत उभे आहे तरी काय? अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संधिवाताच्या गुडघ्याची दुर्बिणीतून केलेली साफसफाई ही त्वचेवर नुसता छेद देऊन केलेल्या खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नयेत, असे ‘नाइस’च्या सूचना स्पष्ट सांगतात. त्याच सूचनांत व्यायाम, गरज असल्यास वजन घटवणे आणि दुखऱ्या जागी वेदनाशामक मलम यांना पहिले स्थान आहे. २००५ मधील एका अभ्यासानुसार वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. शिवाय मांड्यांची ताकद ही फक्त गुडघ्यासाठी लागत नाही. साठीनंतर न पडता न्हाणीघरात जाणे, रिक्षातून उतरणे, नातवाला उचलणे हे तिच्यावरच अवलंबून असते. मधुमेह असलेल्याला तर स्नायू म्हणजे साखर खर्च करण्याचे सर्वांत मोठे ठिकाण. दुखणे दहापैकी सहावरून चारवर आले आणि व्यायाम चालू राहिला, तर तो सौदा वाईट नाही.

म्हणूनच ‘आराम करा’ हा सल्ला अर्धवट वाटतो. गोळीच्या चिठ्ठीवर नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस हे सगळे लिहिले जाते. व्यायामाबाबत मात्र ‘थोडा व्यायाम करा’ यावर भागते. कोणता, किती वेळा, किती दुखले तर थांबायचे हे त्याच कागदावर चार ओळींत लिहिता येते. प्रत्येकाला फिजिओथेरपिस्टकडे आठवड्याला दोनदा जाणे परवडत नाही. तालुक्याच्या गावी तो मिळेलच असेही नाही. अशा वेळी त्या चार ओळींची किंमत मोठी असते.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

वरचे सगळे सबुरीचे सल्ले काही परिस्थितींत गुंडाळून ठेवावेत. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर काही तासांत गुडघा सुजला, पायावर भारच देता येत नाही, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना अचानक निसटतो, सांधा लाल आणि गरम झाला आहे, सोबत ताप आहे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आहे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून खूप अधिक टिकत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो संधिवाताचा वेगळा, औषधांनी आवरावा लागणारा प्रकार असू शकतो.

आपली प्रगती घरी कशी मोजायची?

आरशात किंवा वजनकाट्यावर ती लवकर दिसत नाही. वृद्धांची ताकद मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक चाचणी घरीही करता येते. सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला लावावी, हात छातीवर घडी करून ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वयोगटात स्त्रियांना १२ आणि पुरुषांना १४ वेळाही जमत नसेल, तर ताकद सरासरीपेक्षा कमी समजली जाते. पन्नाशीतल्याने याहून बरेच वर असायला हवे. पहिल्या दिवशी आलेला आकडा आणि तेव्हाचे दुखणे दहापैकी किती, हे दोन्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. दर चार आठवड्यांनी, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा मोजावे. आकडा नऊवरून बारावर गेला आणि दुखणे तेवढेच राहिले, तरी उशी काढायची वेळ झाली असे समजावे.